फुकट ते पौष्टिक? मोफत डाउनलोडबरोबर घरात काय काय येतं



भोर आणि वेल्ह्यातल्या गटांच्या बैठकीत हल्ली बचत, हप्ते आणि कर्जाचे अर्ज झाले की मोबाईलचा विषय निघतोच. कुणाच्या फोनवर सारख्या जाहिराती येतात. कुणाचा फोन एकदम संथ झालेला असतो. कुठल्या तरी गटाच्या सचिवताईंना मुलाने जुना लॅपटॉप आणून दिलेला असतो आणि त्यावर मराठी टायपिंग कुठून घ्यायचं हे विचारायचं असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "फुकटच आहे की, घ्यायला काय जातं?"

या लेखात त्याच प्रश्नाचं उत्तर देते. घ्यायला खरंच काय जातं? कुणाला मिळतं? आणि ज्याच्या फोनवर गटाची कागदं आहेत, त्याने काय बघायचं? त्यासाठी आधी थोडी जुनी गोष्ट सांगावी लागेल, संगणकाच्या काळातली. ती कळली की आजच्या मोबाईलमधली फसवणूक ओळखणं सोपं जातं, कारण डाव तोच आहे.

पावडरीवर बादली आणि पिशवीतला पाहुणा

बाजारात धुण्याच्या पावडरीवर बादली फ्री मिळते. बादली आपल्याला दिसते, दुकानदार सांगतो, नको असेल तर आपण नको म्हणतो. यात लपवाछपवी काही नाही.

आता समजा, पावडर घेऊन घरी आलात आणि पिशवीतून एक अनोळखी माणूस बाहेर आला. त्याने भिंतीवरचं आपलं कॅलेंडर काढून स्वतःचं लावलं. तुम्ही कुठल्या दुकानात जाता, काय घेता, ते वहीत लिहायला लागला. जा म्हटलं तर जाईना. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की."

संगणकावर हे अगदी असंच चालायचं. एखादं मोफत सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे गाणी ऐकायचं, फाइल उघडायचं किंवा फोटो नीट करायचं, की ते बसवताना एकामागून एक खिडक्या उघडायच्या. प्रत्येक खिडकीत 'नेक्स्ट' असं बटण. आपण घाईत नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचो. मधल्याच एखाद्या खिडकीत बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, की सोबत अमुक टूलबारही बसवा. त्यापुढच्या चौकटीत टिक आधीच केलेली असायची. ती आपण काढली नाही, म्हणजे आपली संमती आहे असं धरलं जायचं.

टूलबार म्हणजे इंटरनेटच्या खिडकीत वरच्या बाजूला चिकटलेली एक पट्टी. ती आली की पहिलं पान बदलायचं, शोधायची जागा बदलायची, जाहिराती वाढायच्या आणि संगणक संथ व्हायचा. काढायला गेलं तर सहजासहजी निघायची नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं.

तुमच्यापैकी ज्यांनी एमएस-सीआयटी केलं असेल किंवा भोरच्या सायबर कॅफेत कधी फॉर्म भरला असेल, त्यांनी अशा दोन-दोन, तीन-तीन पट्ट्या चिकटलेले संगणक पाहिले असतील. वर तीन ओळी पट्ट्यांच्या आणि खाली आपला फॉर्म एवढासा.

मग पैसे कोण देत होतं?

गटात आपण एक गोष्ट शिकलो आहोत. वहीत एका बाजूला खर्च दिसत असेल, तर दुसऱ्या बाजूला जमा कुठून तरी आलेली असतेच. मोफत सॉफ्टवेअरलाही हाच हिशोब लावायचा.

सॉफ्टवेअर बनवायला माणसं लागतात, वेबसाइट चालवायला खर्च येतो. घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर दुसरं कुणीतरी देतं. इथे पैसे द्यायची टूलबारवाली कंपनी. एका संगणकावर टूलबार बसला की ठरलेली रक्कम मिळायची, म्हणजे 'नगामागे' पैसे.

२०१६ मध्ये गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी या धंद्याचा अभ्यास करून तो जाहीर केला. एका संगणकामागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत दर मिळत होता. तेव्हाच्या भावाने ते साधारण ७ ते १०० रुपये होतात. ७ रुपये कमी वाटतात, पण एक लाख लोकांनी न वाचता नेक्स्ट दाबलं की ७ लाख झाले. त्याच अभ्यासानुसार, अशी नको असलेली सॉफ्टवेअर डाउनलोड होताना गूगलला दर आठवड्याला ६ कोटींहून जास्त वेळा धोक्याची सूचना दाखवावी लागत होती.

म्हणजे आपल्याला फुकट मिळत होतं, कारण आपलाच नग विकला जात होता. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच.

भरभराटीचे दिवस

सुरुवात साधीच होती. इंटरनेट महाग आणि संथ होतं, तेव्हा संगणकाच्या मासिकांबरोबर सॉफ्टवेअरची सीडी मिळायची. मग सगळी मोफत सॉफ्टवेअर एका जागी मिळतील अशा वेबसाइट आल्या. १९९६ मध्ये अमेरिकेत डाउनलोड डॉट कॉम सुरू झाली. तिथे जे ठेवलंय ते तपासलेलं असणार, असा लोकांचा विश्वास बसला.

१९९९ च्या सुमारास बोन्झीबडी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आलं. स्क्रीनवर एक जांभळं माकड यायचं, बोलायचं, गाणी म्हणायचं. पोरांना ते फार आवडायचं. पण त्याच्या मागून जाहिराती यायच्या आणि मुलांची माहिती गोळा व्हायची. २००४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याबद्दल त्या कंपनीला ७५ हजार डॉलर भरायला लावले.

नंतर मोठमोठ्या कंपन्याही यात आल्या. बऱ्याच ऑनलाइन कामांना लागणारं जावा अपडेट करायला गेलं की सोबत आस्क टूलबारची टिक केलेली चौकट यायची. ॲडोबचं फ्लॅश घ्यायला गेलं की सोबत मॅकॅफीची तपासणी. ज्या कंपनीचं नाव ऐकून आपण डोळे झाकून हो म्हणतो, तिच्याच पिशवीत पाहुणा.

२०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने पुढचं पाऊल टाकलं. लोकांची सॉफ्टवेअर ते स्वतःच्या वेष्टनात घालून द्यायला लागले आणि त्या वेष्टनात टूलबार. एनमॅप नावाचं मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने त्या डिसेंबरमध्ये जाहीर तक्रार केली, की माझ्या मालात माझ्या परवानगीशिवाय हे घातलंय. विचार करा, आपल्या गटाने स्वच्छ निवडून इंद्रायणी तांदूळ पाठवला आणि मधल्या व्यापाऱ्याने पोत्यात भेसळ केली. ग्राहक शिव्या कुणाला देणार? आपल्याच गटाला. एनमॅपवाल्यांचं दुखणं तेच होतं.

उतरती कळा

हा धंदा एका दिवसात पडला नाही. तीन-चार बाजूंनी दाब आला.

पहिली गोष्ट, विश्वास गेला. सोर्सफोर्ज ही मोफत सॉफ्टवेअरची नावाजलेली वेबसाइट. २०१३ मध्ये तिनेही सोबत इतर सॉफ्टवेअर जोडून देण्याची योजना सुरू केली. फोटो दुरुस्त करायचं गिम्प हे सॉफ्टवेअर बनवणारे नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथून निघून गेले. २०१५ च्या मे महिन्यात कळलं, की त्या वेबसाइटने गिम्पचं जुनं खातं ताब्यात घेऊन तिथे जाहिरातींचं वेष्टन लावलंय. फार आरडाओरडा झाला. २०१६ च्या जानेवारीत वेबसाइट नव्या मालकाकडे गेली आणि फेब्रुवारीत त्याने ती योजना बंदच केली.

दुसरी गोष्ट, राखणदार जागे झाले. २०१४ पासून गूगल क्रोम अशा सॉफ्टवेअरबद्दल लाल सूचना दाखवायला लागलं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या प्रती नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये धरल्या.

तिसरी गोष्ट, धोका किती मोठा आहे हे सगळ्यांना दिसलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आलं, की लेनोव्हो कंपनीच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच भरून आलं होतं. बँकेची वेबसाइट उघडल्यावर आपली माहिती बंद कुलपात जाते. सुपरफिशने त्या कुलपाला स्वतःची किल्ली लावली होती आणि ती किल्ली सगळ्या लॅपटॉपना एकच होती. एका चोराला ती सापडली की सगळी घरं उघडी. ग्राहकाने काही डाउनलोड केलं नव्हतं, कुठली टिक ठेवली नव्हती. दुकानातून आणलेल्या कोऱ्या लॅपटॉपमध्येच पाहुणा बसलेला होता.

आणि चौथी गोष्ट, लोक संगणक सोडून मोबाईलवर आले. मोबाईलवर ॲप एका ठरलेल्या दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरमधून घेता यायला लागलं. त्यामुळे वेबसाइट शोधत फिरायची गरज कमी झाली.

सगळं मोफत वाईट नसतं

हे वाचून मोफत म्हणजे लबाडी असं मात्र समजू नका. प्रामाणिक मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत.

व्हिडिओ बघायचं व्हीएलसी हे त्यातलं एक. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असतं ते. फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ते सांभाळते. सोबत जाहिराती आणि टूलबार घालण्यासाठी आपल्याला कोट्यवधी युरो देऊ केले होते आणि ते आपण नाकारले, असं तिच्या प्रमुखांनी सांगितलं आहे. म्हणून व्हीएलसी आजही स्वच्छ आहे. २०२२ मध्ये मात्र भारतात बरेच महिने व्हीएलसीची मूळ वेबसाइट उघडतच नव्हती. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ती परत सुरू झाली. अशा वेळी खरी अडचण होते. मूळ दुकानाला कुलूप असलं की माणूस दुसरीकडे विचारतो आणि तिथेच त्याच नावाचा भेसळीचा माल मिळू शकतो.

आपल्या पुण्याचंही उदाहरण आहे. २००५ पासून केंद्र सरकारने एकेका भारतीय भाषेसाठी मोफत सॉफ्टवेअरचे संच वाटायला सुरुवात केली. पुण्याच्या सी-डॅकचा त्या कामात मोठा वाटा होता. त्यात फॉन्ट, टायपिंगची साधनं, पत्र लिहायचं सॉफ्टवेअर असं सगळं एकत्र असायचं. हाही एक जोडसंचच. फरक एवढाच, की त्याचे पैसे सरकारने दिले होते आणि काय काय दिलंय हे उघड होतं.

उलटही होतं. राखण करायला ठेवलेलाच माहिती विकतो. अव्हास्ट नावाचं मोफत अँटिव्हायरस खूप लोकांच्या संगणकावर होतं. लोक कुठल्या वेबसाइट बघतात ती माहिती त्यांची एक जोडकंपनी विकत होती. २०२० मध्ये ती कंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले.

म्हणून फुकट आहे की विकत, यावर थांबायचं नाही. याचे पैसे कोण देतंय आणि हे मी कुणाकडून घेतेय, हे दोन प्रश्न विचारायचे.

मराठी टायपिंगचं काय करायचं?

हा प्रश्न सचिवताईंकडून सगळ्यात जास्त येतो, म्हणून वेगळं सांगते. संगणकावर बसवायचं गूगलचं मराठी टायपिंग पूर्वी गूगलकडूनच मिळायचं. आता संगणकासाठीची ती फाइल गूगल देत नाही. तरी लोक तेच नाव टाकून शोधतात आणि भलत्याच वेबसाइटवरून उतरवून घेतात. तिथे डाउनलोड लिहिलेली चार-चार हिरवी बटणं असतात. त्यातली बहुतेक जाहिरातीची.

खरं तर उतरवून घ्यायची गरजच नाही. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक टायपिंग आतच आहे. सेटिंग्जमध्ये जा, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज. तिथे मराठी भाषा घ्या आणि तिच्या पर्यायांमध्ये फोनेटिक कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' टाइप केलं की मराठीत उमटतं. मोबाईलवर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी आहेच.

पाहुणा आता मोबाईलमध्ये आलाय

संगणकावरचा तो धंदा उतरला, पण माणसाची घाई तीच राहिली. तेव्हा नेक्स्ट होतं, आता 'अलाऊ' आहे. ॲप उघडलं की विचारतं, फोटो बघू? कॉन्टॅक्ट बघू? मेसेज वाचू? आणि आपण अलाऊ, अलाऊ, अलाऊ.

वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर रेंज नसते. तिथल्या बाया बाजाराला आल्या की मोबाईलच्या दुकानात फोन देतात आणि सांगतात, "दादा, लागतील ती सगळी ॲप टाकून द्या." कुणी शेजारणीच्या फोनवरून ॲप घेते. पूर्वी त्यासाठी शेअरइट वापरायचे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात शेअरइट आणि यूसी ब्राउझर होते. ती आता प्ले स्टोअरवर मिळत नाहीत. म्हणून कुठल्या तरी लिंकवरून घेणं म्हणजे परत मागच्या दाराने जाणं. फोटो-फाइल पाठवायला अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आधीपासून दिलेलं आहे, ते वापरा.

सगळ्यात धोक्याची आहे ती 'एपीके' फाइल. प्ले स्टोअर सोडून थेट पाठवलेल्या ॲपच्या फाइलला एपीके म्हणतात. व्हॉट्सॲपवर येते. नाव असतं पीएम किसान, वीजबिल, गाडीचं चलन, बँक केवायसी, लाडकी बहीण, नाहीतर चक्क लग्नपत्रिका. उघडली की वर काहीतरी दिसतं आणि आत दुसरंच बसतं. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला कळतो.

दुसरा प्रकार झटपट कर्जाच्या ॲपचा. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात सांगितलं, की २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत ८१ ॲप दुकानांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली आणि त्यातली ६०० बेकायदा होती. कर्ज पाच हजारांचं, पण ॲप घेताना दिलेल्या परवानगीतून तुमच्या फोनमधले सगळे नंबर आणि फोटो त्यांच्याकडे. हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन, बदनामीची धमकी.

त्यावर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला नियम काढले. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट, फोटो-फाइल आणि कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हवं असेल तर एकदाच, ग्राहकाची ओळख पटवण्यापुरतं आणि तिच्या परवानगीने. कर्जाची रक्कम थेट तिच्या बँक खात्यातच आली पाहिजे. व्याज आणि सगळा खर्च आधी लेखी सांगितला पाहिजे. जुलै २०२५ पासून नोंदणी असलेल्या बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्ज ॲपची यादीही रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. यादीत नाव नसेल तर पुढे जायचंच नाही.

एका फोनचा प्रश्न अख्ख्या गटाचा होतो

आपल्यासाठी हा मुद्दा सर्वांत मोठा आहे. शहरातल्या एखाद्या बाईचा फोन गेला तर तिचं एकटीचं नुकसान होतं. आपल्या सचिवताईंच्या फोनमध्ये गटातल्या सगळ्यांचे आधारकार्डाचे, पासबुकाचे फोटो असतात. सगळ्यांचे नंबर असतात. गटाच्या खात्याचे मेसेज त्याच फोनवर येतात. तोच फोन संध्याकाळी पोरांच्या हातात गेमसाठी असतो. पोराने 'फुकट कॉईन मिळतात' म्हणून एखादी एपीके टाकली, की धोका दहा-बारा घरांना. वर्षानुवर्षं दहा-वीस, शंभर-दोनशे करून साठवलेली बचत आहे ही. कुणाच्या टूलबारसाठी ती धोक्यात घालायची नाही.

एवढं पाळूया

१. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायची नाही, मग ती सख्ख्या भावाकडून आलेली असो. त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो. भावाला फोन करून विचारा.

२. प्ले स्टोअरवरही एकाच नावाची चार ॲप असतात. खाली बनवणाऱ्याचं नाव बघा.

३. परवानगी मागितली की थांबा आणि कामाशी जोडून बघा. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला? पाककृतीच्या ॲपला मेसेज कशाला? कारण सापडत नसेल तर परवानगी नाही.

४. सरकारी योजनेचं काम सरकारी वेबसाइटवरच. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. 'जीओव्ही' मध्येच कुठेतरी आहे आणि शेवट वेगळा आहे, तर ती खोटी समजा.

५. संगणकावर काही बसवताना नेक्स्ट दाबायच्या आधी प्रत्येक खिडकी वाचा. 'कस्टम' पर्याय असेल तर तो निवडा. न मागितलेल्या टिका काढा. इंग्रजी समजत नसेल तर फोटो काढून मला किंवा तुमच्या समूह संसाधन व्यक्तीला पाठवा. लाजायचं काही कारण नाही, ती अक्षरं कुणी वाचू नयेत म्हणूनच बारीक ठेवतात.

६. मोबाईलच्या दुकानात 'सगळी टाका' म्हणू नका. लागणाऱ्या ॲपची नावं सांगा आणि फोन परत घेताना काय काय आलंय ते बघा.

७. सेटिंग्जमध्ये ॲपची यादी असते. महिन्यातून एकदा बघा. जे ओळखू येत नाही आणि वापरातही नाही ते काढून टाका. नव्या फोनमध्ये कंपनीने आधीच भरलेली काही ॲप निघत नाहीत, त्यांना 'डिसेबल' करता येतं.

८. सभासदांच्या आधार-पासबुकाचे फोटो काम झाल्यावर फोनमधून काढा. कागद फाइलला लावलेला असतोच.

आणि तरीही फटका बसला तर

आधी फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवता यायची शक्यता जास्त. त्याच वेळी बँकेला कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, की बँकेला कळवल्यानंतर खात्यातून जे पैसे जातील ती जबाबदारी बँकेची. म्हणून कळवल्याची वेळही लिहून ठेवा. मग ती एपीके काढून टाका आणि पासवर्ड, पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

आणि घरात कुणी रागावेल म्हणून गप्प बसू नका. गटाचे व्यवहार त्या फोनवर असतील तर अध्यक्ष आणि बाकीच्या सभासदांना त्याच दिवशी सांगा. उशीर झाला की नुकसान वाढतं, आणि फसवणारा आपल्या लाजेवरच जगतो.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपला फोन उघडायचा, ॲपची यादी बघायची आणि शेजारणीला तीन गोष्टी सांगायच्या: कुठलं ॲप मी स्वतः घेतलं, कुठलं कुणीतरी टाकून दिलं, आणि कुठलं कशासाठी आहे तेच माहीत नाही. तिसऱ्या रांगेतली नावं वहीत लिहा. गटाच्या कामाच्या फोनवर नवं ॲप घ्यायचं असेल तर बैठकीत विचारून घ्यायचं, असा साधा ठराव करता आला तर फारच छान. कर्ज द्यायच्या आधी आपण दहा प्रश्न विचारतोच. फोनमध्ये कुणाला घेताना दोन तरी विचारूया.

याद्या लिहून झाल्या की प्रभागाच्या बैठकीत घेऊन या. मी बसते तुमच्याबरोबर, एकेक नाव मिळून तपासू.